जुन्या गल्लीतलं माळवदाचं घर घेताना

"निजामाच्या काळातलं घर आहे. दोन खोल्या, पुढं ढेळज अन् ओसरी, मागं परसू. गल्लीत चारचाकी शिरत नाही, त्यामुळं एकदम शांत. आणि घराचे पैसे धरलेलेच नाहीत, नुसता जागेचा भाव."

धाराशिव, तुळजापूर, परंडा, नळदुर्ग किंवा कळंबच्या जुन्या वस्तीत घर बघायला निघालात की मध्यस्थाच्या तोंडून याच धर्तीचं काहीतरी ऐकायला मिळतं. यातलं शेवटचं वाक्य नीट ऐका. घराची किंमत शून्य धरली, म्हणजे ते पाडायचंच असं विकणाऱ्याने, मध्यस्थाने आणि बहुतेक वेळा घेणाऱ्यानेही आधीच ठरवून टाकलेलं असतं. ऐंशी-नव्वद वर्षं उभं राहिलेलं घर कोणी हात लावून न बघताच मोडीत निघतं. उलटही घडतं. जुन्या लाकडाच्या, देवळ्या-कोनाड्यांच्या मोहात पडून कोणी थेट राहायला जातं आणि डोक्यावर किती टन माती आहे याचा हिशेबही करत नाही. माझं म्हणणं इतकंच, की बयाणा देण्याआधी घर आणि कागद दोन्ही स्वतः तपासा. पाडायचं की ठेवायचं हे त्यानंतर ठरवा.

असं घर मे महिन्यात बघून पसंत करू नका. उन्हाळ्यात माळवदाचं घर कोणालाही आवडतं. बाहेर अंग भाजत असताना दोन-अडीच फुटी भिंतींच्या आत पंख्यावर भागतं, आणि ही सोय नव्या वसाहतीतल्या स्लॅबच्या घराला नाही. पण नेमक्या याच दिवसांत घराचे दोष लपतात. भिंती वाळलेल्या असतात, नुकताच चुन्याचा हात दिलेला असतो. घर खरं कळतं ते भाद्रपदात, दोन-चार दिवसांची झड लागून गेल्यावर. कुठे गळतं, कुठल्या कोपऱ्यात ओल चढते, पन्हाळीचं पाणी भिंतीच्या पायात मुरतं की गटारात जातं, हे तेव्हा न विचारता दिसतं. 2025 च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम भागात झालेल्या अतिवृष्टीने मातीच्या घरांचं काय होतं हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. भिजलेली भिंत पावसातच पडते असंही नाही, पुढच्या उन्हात वाळतानाही ती ढासळते. म्हणून पावसाळ्यात एकदा आणि पाऊस उघडल्यावर एकदा, असं दोनदा तरी घर बघा.

वर बघा, मग भिंतीकडे

माळवदाची रचना साधी असते. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचन, किलचनावर तुराट्या किंवा निंबाचा पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची आपल्याकडची रीत आहे. जुनी माती मात्र सहसा कोणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांत हा थर फुटावरून दीड-दोन फुटांवर कधी गेला हे घरातल्यांनाही कळत नाही.

तो मोजायला तोडफोड लागत नाही. स्वयंपाकघरात उजेडाला आणि धूर जायला ठेवलेलं साणं असतं. शिडी लावून साण्याच्या कडेला हात घाला. तिथे सगळे थर एकाखाली एक दिसतात, बोटाने चाचपता येतात. पट्टी लावा आणि किती इंच माती आहे ते लिहून घ्या. दहा बाय बाराच्या खोलीवर मातीचा एक फुटाचा थर असेल तर त्याचं वजन पाच ते सहा टन भरतं. दोन फूट असेल तर दुप्पट, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. एवढा भार खालच्या खांबांवर आणि भिंतींवर रोज उभा असतो.

हा भार काय करू शकतो ते सांगणारी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट धाराशिव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी आणि आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर यांच्यासह लातूर आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यांतली कितीतरी गावं झोपेत गाडली गेली. जवळपास आठ हजार माणसं दगावली. सहाच्या थोड्या वरच्या तीव्रतेच्या धक्क्यात इतके जीव गेले, याचं मोठं कारण घरांच्या बांधणीत होतं. मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीचे दोन दर्शनी थर एकमेकांपासून सुटले, मधली भर सांडली आणि छप्पर खाली आलं. जिथे लाकडी खांबांचा सांगाडा भिंतींपासून वेगळा आणि पक्का होता, अशा खणांच्या काही घरांत भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर तरलं. ही गोष्ट जुनं घर घेणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी. आपल्या घरात माळवदाचा भार खांबांवर आहे की भिंतींवर, हा तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तुळईची दोन्ही टोकं खांबावर असतील तर बरं. एक टोक खांबावर आणि दुसरं भिंतीत खुपसलेलं असेल तर ती भिंत घराचा कच्चा दुवा समजा.

तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक हीच सडायची पहिली जागा. मधलं लाकूड वाजवून सागवान असल्याचं कौतुक सगळे करतात, टोक कोणी बघत नाही. तिथे दाभण किंवा पेचकस टोचून पाहा. सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे. खांबाच्या बुडाशीही असंच करा. खांब दगडी तळखड्यावर असेल तर तो टिकतो. नंतर कोणी फरशी बसवताना त्याचं बूड सिमेंटमध्ये पुरलं असेल तर तिथे ओल धरते.

भिंतीला ओळंबा लावा. मधूनच भिंतीने पोट काढलं असेल, तर बाहेरचा आणि आतला थर सुटायला लागला आहे असं समजा. वरून गिलावा कितीही गुळगुळीत असला तरी त्याचा काही उपयोग नाही. जाणत्या गवंड्याला सोबत घ्या आणि भिंतीत आरपार दगड आहेत का, हे एखाद्या ठिकाणी चार दगड सुटे करून पाहायला सांगा. दोन्ही थर बांधून ठेवणारे हे लांब दगड दर दोन फूट उंचीवर आणि चार-चार फुटांच्या अंतरात असावेत, असं भारतीय मानकातही सांगितलं आहे. जुन्या घरांत ते बहुधा नसतात, पण नंतर बसवता येतात. कोपऱ्यांतल्या उभ्या भेगा, दोन भिंती जिथे जुळतात तिथली फट, दरवाजाच्या चौकटीवरची तिरपी चीर, यांचे मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. दोन महिन्यांनी पुन्हा बघाल तेव्हा चीर वाढली का ते कळेल.

खालची जमीनही विसरू नका. जुन्या गल्ल्यांत धान्याची पेवं असायची. कित्येकांची तोंडं आज फरशीखाली गेली आहेत. पहारीने ठोकत चाला. पोकळ आवाज आला किंवा फरशी एका जागी खचलेली दिसली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पेव सापडलं तर उत्साहाने आत उतरू नका. बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि माणूस गुदमरून मरतो. ते उघडं ठेवून हवा खेळू द्या, आणि नंतर मुरूम भरून दाबून घ्या.

हे सगळं पाहिल्यावर इमारतीच्या मजबुतीचं काम करणाऱ्या अभियंत्याला पैसे देऊन बोलवा. 1993 नंतर जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरं फक्त नवी बांधली नाहीत, उभी असलेली मजबूतही केली. त्या कामाची माहिती असलेले अभियंते आणि गवंडी आजही या भागात भेटतात. उपाय ठरलेले आहेत: माळवदाची जादा माती उतरवून थर आठ-दहा इंचांवर आणायचा, मधे जाड प्लॅस्टिकचा कागद घालायचा, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे टेकू द्यायचे, भिंतीत आरपार बांधणारे दगड किंवा सळईचे काँक्रीट घालायचे, आणि छपराच्या पातळीला घराभोवती पट्टा फिरवायचा. भूकंपाच्या वेळी हा टापू नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. त्यामुळे मजबुतीचा खर्च ऐच्छिक धरू नका, तो घराच्या किमतीतच मोजा. अभियंत्याकडून लेखी अंदाज घ्या आणि भाव ठरवताना तो कागद समोर ठेवा.

एक काम मात्र कोणीही सुचवलं तरी करू नका. माळवद काढून त्याच मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. हे आपल्या गावागावांत सर्रास झालं आहे आणि ते धोक्याचं आहे, कारण त्या भिंती स्लॅबला धरून ठेवू शकत नाहीत. भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावाही नको. आतली ओल बाहेर पडत नाही आणि माती आतल्या आत सैल होते. चुन्याचा गिलावा महाग पडतो, तरी तोच करा.

कागद उर्दूत असतील

धाराशिव हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातला भाग. दप्तराची आणि न्यायालयाची भाषा उर्दू. त्यामुळे अशा घराचा मूळ कागद बहुधा उर्दूत, आणि घरगुती वाटणीचा असेल तर मोडीतही निघतो. "तो काही वाचता येत नाही, नगरपालिकेची पावती आहे ना" असं सांगून तो बाजूला ठेवला जातो. तसं होऊ देऊ नका. मालमत्ता कराची पावती मालकीचा पुरावा होत नाही, ती फक्त कर कोणी भरला ते सांगते.

जुन्या कागदावर साल फसली असतं. हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवा की इसवी सन निघतो. 1347 फसली म्हणजे ऑक्टोबर 1937 पासून सुरू झालेलं वर्ष. महिने आझूर, दै, बहमन, इस्फंदार असे असतात आणि वर्ष आझूरला सुरू होतं. रक्कम हाली शिक्क्यात आहे की कलदार रुपयांत हेही लिहिलेलं असतं. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. आज या रकमेला काही अर्थ नाही, पण चतुःसीमेला आहे. पूर्वेला कोणाचं घर, दक्षिणेला कोणती बोळ, आड कोणाच्या हद्दीत, पन्हाळ कुठे पडते, हे त्यात बारकाईने नोंदवलेलं असतं आणि नव्या कागदांत ते गळून गेलेलं असतं. जाणकाराकडून मराठी भाषांतर करून घ्या, त्यावर त्याची सही घ्या.

मग नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. त्यातलं धारकाचं नाव, क्षेत्र आणि सत्ता प्रकार हे तीन रकाने वाचा. सत्ता प्रकारात शासनाची अट किंवा भाडेपट्टा असेल तर विक्रीला परवानगी लागू शकते. पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर ठेवा. दुय्यम निबंधक कार्यालयात किमान तीस वर्षांचा शोध घ्यायला वकिलाला सांगा. ऑनलाइन अलीकडचे दस्त मिळतात, त्याआधीचे सूचीच्या वहीतून हातानेच काढावे लागतात. कामाला दिवस लागतात, पण घाई करणाऱ्या विक्रेत्याला थांबवायचं सगळ्यात सभ्य कारणही हेच आहे.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे इनाम. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम हे शब्द कागदात कुठेही आले तर तिथेच थांबा आणि तहसील कार्यालयात त्या गटाची नोंद पाहा. गावठाणाबाहेर वाढलेल्या वस्तीत हे हमखास निघतं. दर्गा, मशीद किंवा कब्रस्तानालगतची मिळकत असेल तर ती वक्फच्या नोंदीत आहे का हे वक्फ मंडळाकडून लेखी घ्या. वक्फ मिळकत विकत घेता येत नाही. तुळजापुरात मंदिराच्या भोवतालच्या गल्ल्यांत घर घेणार असाल तर विकास आराखड्यातलं आरक्षण आणि रस्तारुंदीची रेषा नगर परिषदेकडून नकाशावर आखून घ्या. किल्ला किंवा जुनं मंदिर जवळ असेल आणि ते केंद्राचं संरक्षित स्मारक असेल, तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. "पाडू आणि तीन मजले बांधू" हा बेत अशा ठिकाणी कागदावरच राहतो.

सगळ्यात जास्त व्यवहार इथे अडतात

वारस. जुन्या घराला एक मालक क्वचितच असतो. आजोबांच्या नावावरची मिळकत, तीन मुलगे, दोन मुली, त्यातला एक पुण्यात, एक वारलेला, त्याची बायको माहेरी. विकायला आलेला असतो धाकटा, कारण गावात तोच राहतो. तो खोटं बोलत असतो असं नाही. बहिणींचा प्रश्न येत नाही असं त्याला मनापासून वाटतं.

पण तो येतो. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बहिणीने हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. पंचवीस वर्षांपूर्वी मुद्रांक कागदावर सही करून पेटीत ठेवलेला कागद चालणार नाही. मुस्लिम कुटुंबाकडून घेत असाल तर हिस्से वेगळ्या पद्धतीने पडतात. मुलीला मुलाच्या निम्मा, मुलं असतील तर विधवेला आठवा. तिथेही सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. वारसांत कोणी अज्ञान असेल तर न्यायालयाच्या परवानगीबद्दल वकिलाचं स्पष्ट मत घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

"माझा हिस्सा तेवढा घ्या, बाकीचे नंतर येतील" हे ऐकून तर कधीच पुढे जाऊ नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला घरात राहायला जाण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटपाच्या दाव्यात गेला तर कुटुंबातला दुसरा हिस्सेदार तोच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेऊ शकतो. म्हणजे पैसे गुंतले, दावा चालू, आणि घरात पाय नाही. सगळे वारस एकाच खरेदीखतावर सही करत असतील तरच व्यवहार करा. पुण्या-मुंबईतल्यांना यायला जमत नसेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्या आणि फोन करून त्यांच्याशी स्वतः बोला. स्थानिक वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर सूचना द्या. नाराज चुलतभाऊ असेल तर तो तेव्हाच पुढे येऊ द्या.

वाड्याचा एक भाग घेत असाल तर वारसांइतकेच शेजारीही महत्त्वाचे. वाटण्या झाल्या तेव्हा भावाभावांत सगळं तोंडी चालायचं. ढेळजेतून जायचं, आडाचं पाणी सगळ्यांनी भरायचं, तुमच्या माळवदाचं पाणी आमच्या चौकात पडलं तरी चालायचं. तुम्ही भाऊ नाही. तुमच्याशी ते तसंच चालेल असं धरू नका. ये-जा करायची वाट किती फूट रुंद, आडाच्या पाण्याचा आणि पन्हाळीचा हक्क, सामाईक भिंत कोणाची आणि तिची दुरुस्ती कोणी करायची, हे सगळं खरेदीखतात लिहून घ्या आणि सोबत हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा. सामाईक भिंतीचा मुद्दा तर मजबुतीच्या कामाशीच जोडलेला आहे. शेजाऱ्याने उद्या त्याचं घर पाडलं तर तुमची भिंत उघडी पडेल. खरेदीआधी एकदा त्याच्या ओसरीवर बसा, चहा घ्या, त्याचा बेत विचारा. शांत गल्ली म्हणजे काय हेही तिथेच कळेल. गल्लीत रात्री दिवा असतो का, नळाचं पाणी किती दिवसांनी येतं आणि किती वेळ, अग्निशमनची गाडी कुठपर्यंत येते, हे शेजाऱ्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

भाडेकरू असेल तर तो घर विकल्याने आपोआप निघत नाही. खरेदीनंतर तो तुमचा भाडेकरू होतो. रिकामा ताबा समोर दिसेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

पैशांचं थोडक्यात. स्थावर व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ-घेऊ नका. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि शासनाच्या दर तक्त्यातलं मूल्य यांतलं जे जास्त त्यावर लागतं. राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. माती-दगडाच्या घराला बँका सहजी कर्ज देत नाहीत, म्हणून बयाण्याआधी शाखेत जाऊन मूल्यांकनाबद्दल विचारा. नव्या दस्तात जिल्ह्याचं नाव "धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)" असं लिहायला सांगा, म्हणजे मागच्या कागदांशी साखळी जुळते.

वारसांच्या सह्या पूर्ण होत नसतील, मिळकत वक्फ किंवा इनामाच्या वादात असेल, किंवा भार घेणाऱ्या भिंतीने पोट काढलं असून मालक ती तपासू देत नसेल, तर घर सोडून द्या, भाव कितीही कमी असला तरी. या तिन्हींतून घर पार पडलं आणि खांब-तुळया निरोगी निघाल्या, तर ते पाडू नका. माती उतरवा, जोड बांधा, चुन्याचा हात द्या आणि राहायला जा. आणि पुढच्या मृगाला माळवदावर माती टाकायला माणूस आला, तर आधी जुनी काढ, मगच नवी टाक, असं त्याला सांगा.